आज्ञावलीतील भेसळ आणि आपला व्यापार

धान्याच्या व्यापारात भेसळ हा शब्द कोणास नवा नाही. तुरीच्या डाळीत लाखेची डाळ, मोहरीत पिवळ्या धोतऱ्याचे बी, धन्यात काडी-माती आणि कापसावर मारलेले पाणी हे प्रकार बाजारात वाढलेल्या मुलास शाळेच्या धड्यांआधीच समजतात. यांपैकी काही केवळ वजनाची लबाडी असते. काही मात्र जिवावर बेततात. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल मिसळले गेले आणि साठाहून अधिक माणसे दगावली. ज्या किरकोळ दुकानदारांनी ते तेल विकले, त्यांपैकी कित्येकांना डब्यात काय आहे याची कल्पनाही नसावी असे आम्हांस वाटते. त्यांनी वरून आलेला डबा खाली दिला, एवढेच.

या लेखात ज्या भेसळीविषयी लिहावयाचे आहे, ती दाण्यांची नसून संगणकाच्या आज्ञावलींची, म्हणजे ज्यास आपण रोजच्या बोलण्यात सॉफ्टवेअर म्हणतो त्याची आहे. हा विषय संगणकवाल्यांचा, आपला त्याशी काय संबंध, असे कित्येक बांधवांस वाटेल. परंतु आपल्या पेढ्यांवर आता काय उरले आहे, हे पाहावे. रोजमेळ व खतावणी संगणकात गेली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि विवरणपत्रे संगणकावरूनच जाऊ लागली. माल यवतमाळ वा नांदेडकडे पाठवावयाचा तर ई-वे बिल संगणकावरच निघते. हमालीपासून गाडीभाड्यापर्यंत पैसे मोबाईलने जातात. २०२५ च्या हंगामापासून शेतकऱ्यास कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर कापूस आणावयाचा तर ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर आधी दिवस नेमून घ्यावा लागतो. अशा स्थितीत ज्या आज्ञावलीवर हे सर्व चालते, ती कोठून येते व तीत काय असते, याविषयी व्यापाऱ्याने अगदीच अनभिज्ञ राहणे बरे नव्हे.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आमचा पुतण्या पुण्यास एका संगणक-कंपनीत नोकरीस आहे. दिवाळीस तो आला असता त्यास आम्ही नाना प्रश्न विचारून बराच त्रास दिला, आणि त्यानंतर जे वाचनात आले ते पडताळून पाहिले. त्यावरून जे समजले ते आपल्या भाषेत मांडीत आहो.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. आपण समजतो की, एखादी कंपनी बिलाचा वा हिशेबाचा प्रोग्राम तयार करते म्हणजे तिची माणसे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारे लिहून काढतात. तसे मुळीच नाही. तारीख लिहिणे, रकमेची बेरीज करणे, फाईल दाबून लहान करणे, पडद्यावर रंग दाखविणे, अशी शेकडो बारीकसारीक कामे पूर्वीच कोणी तरी लिहून ठेवलेली असतात. त्यांस पॅकेज म्हणतात. ही पॅकेजे मोठमोठ्या कोठारांत ठेवलेली असून ती बहुधा फुकट मिळतात. जावास्क्रिप्ट या संगणक-भाषेसाठी एनपीएम नावाचे कोठार आहे, त्यात २० लाखांहून अधिक पॅकेजे आहेत. पायथॉन भाषेचे कोठार पायपीआय या नावाने ओळखले जाते. प्रोग्राम करणारा तेथून हवी ती दहा-वीस पॅकेजे उचलतो. परंतु त्या प्रत्येकास आणखी काही पॅकेजे लागतात आणि त्यांस आणखी. शेवटी दहाची चारशे कधी झाली हे त्यासही कळत नाही. जणू आपण दहा अडत्यांकडून माल घेतला आणि त्या दहांनी तो चारशे खेड्यांतून गोळा केला होता.

या फुकट पॅकेजांचे मूळ लिखाण सर्वांस वाचावयास खुले असते, म्हणून त्यास ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत, म्हणतात. ज्यास इच्छा होईल त्याने वाचावे, सुधारावे, पुढे द्यावे. ही प्रथा आम्हांस पाणपोईसारखी वाटली. वाटसरूस पाणी फुकट मिळते आणि ते कोणी दिले हे तो विचारीत नाही. परंतु रांजण रोज कोणी तरी भरतो, तेव्हाच पाणी मिळते. आणि नवल असे की, जगातील मोठमोठ्या कंपन्या ज्या पाणपोईवर तहान भागवितात, तेथे रांजण भरणारा कित्येकदा एकटाच असतो व त्यास कोणी कवडी देत नाही. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने एनपीएमशी वाद होऊन आपली सर्व पॅकेजे काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे एक पॅकेज होते. शब्दाच्या डाव्या बाजूस मोकळी जागा सोडणे, एवढेच त्याचे काम. पण ते जाताच जगभर असंख्य कंपन्यांची कामे अडली आणि कोठाराच्या चालकांस ते परत आणून बसवावे लागले. त्या प्रकरणात दुष्ट हेतू काही नव्हता. परंतु एवढ्याशा दाण्यावर केवढी वखार उभी आहे हे चोरांनीही पाहिले.

भेसळीचे प्रकार पाहू गेल्यास ते आपल्या बाजारातलेच निघतात. पहिला प्रकार खोट्या मार्क्याचा. नावाजलेल्या गिरणीच्या पोत्यावरील मार्क्यात एक अक्षर बदलून हलका माल खपविणारे आपण पाहिले आहेत. २०१७ साली ‘क्रॉस-एन्व्ह’ या प्रसिद्ध पॅकेजाच्या नावातील आडवी रेघ काढून कोणी तसेच दुसरे पॅकेज कोठारात ठेवले. घाईने नाव लिहिणाऱ्यांच्या संगणकातील गुप्त माहिती त्याने चोरली. डिसेंबर २०१९ मध्ये ‘जेलीफिश’ नावाच्या पायथॉन पॅकेजाची नक्कल सापडली. तीत इंग्रजी लहान ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ घातला होता. छापील अक्षरांत ही दोन्ही अक्षरे एक उभी रेघच दिसतात, त्यामुळे डोळ्यांस फरक कळावा तरी कसा?

दुसरा प्रकार दुकान परक्याच्या हाती जाण्याचा. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या पॅकेजाच्या लेखकास त्याचा स्वतःस उपयोग राहिला नव्हता. २०१८ साली एका अनोळखी इसमाने मदत करू इच्छितो असे कळविले आणि लेखकाने चांगुलपणाने किल्ली त्याच्या हाती दिली. त्या इसमाने आणखी एक लहानसे पॅकेज त्यास जोडले, आणि त्यात एका विशिष्ट बिटकॉइन-पाकिटातील धन काढून घेण्याची युक्ती दडविली. इतरांच्या संगणकात ती निपचित पडून राही; नोव्हेंबरात ती उघडकीस आली.

तिसरा प्रकार किल्ली चोरण्याचा. ८ सप्टेंबर २०२५ रोजी अनेक लोकप्रिय पॅकेजे सांभाळणाऱ्या एका गृहस्थास कोठाराच्या नावाने बनावट पत्र आले आणि तो फसला. चोरांनी त्याच्या १८ पॅकेजांत आपली आज्ञा घातली. ही पॅकेजे आठवड्यास २०० कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतली जात. आज्ञा अशी की, आभासी चलनाचे पैसे कोणी कोणास पाठवू लागला की घेणाऱ्याचा पत्ता बदलून चोराचा पत्ता बसवावा. नामजोग हुंडीवरील नाव वाटेत खोडून दुसरे घालावे, तसे. सुदैवाने दोनेक तासांत ही गोष्ट लक्षात आली व नुकसान अल्प झाले. परंतु त्याच महिन्यात ‘शाई-हुलूद’ नावाची आज्ञावली पसरली. ती एका लेखकाच्या किल्ल्या चोरून त्याच्या दुसऱ्या पॅकेजांत आपण होऊन शिरत असे, गोदामात सोंडे एका पोत्यातून दुसऱ्यात जातात तशी. ५०० हून अधिक पॅकेजांस तिची लागण झाली.

चौथ्या प्रकाराचे उदाहरण विस्ताराने सांगण्याजोगे आहे, कारण त्यात चोरी संगणकाची नसून माणसाच्या विश्वासाची आहे.

‘एक्सझेड’ नावाचे एक पॅकेज फाईली दाबून लहान करण्याचे काम करते. जगातील बहुतेक सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात, तिच्या जवळजवळ प्रत्येक आवृत्तीत ते असते. फिनलंडचे लासे कॉलिन हे गृहस्थ अनेक वर्षे ते एकट्याने, विनामूल्य सांभाळीत होते. २०२१ च्या सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने कोणी लहानसहान सुधारणा पाठवू लागला. त्या चांगल्या होत्या. २०२२ मध्ये आणखी काही नावांची पत्रे येऊ लागली. त्यांतील एक नाव ‘जिगर कुमार’ असे आपल्याकडचे वाटावे असे होते. या सर्व पत्रांचा रोख एकच : काम फार मंद चालले आहे, नवा सांभाळणारा नेमावा. कॉलिन यांनी उत्तरात आपल्या मनःस्वास्थ्याची तक्रार दीर्घकाळची असून हे काम आपण केवळ हौसेने, मोबदल्यावाचून करीत असल्याचे कळविले. त्यांच्यावर टोचणी चालूच राहिली. थकलेल्या माणसास एकीकडून टोचावयाचे आणि दुसरीकडून हसतमुखाने हात द्यावयाचा, हा डाव आपल्या पेढ्यांनाही अपरिचित नाही. नवा मुनीम दोन वर्षे एक पैचा फरक पडू देत नाही, आणि मग तिजोरीची किल्ली आपण होऊन त्याच्या हाती जाते. २०२३ पासून नव्या आवृत्त्या जिया टॅन काढू लागला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ ही आवृत्ती निघाली. त्यांत विष होते. पण ते कोठे ठेवले होते हे पाहण्यासारखे आहे. या पॅकेजासोबत चाचणीसाठी काही मुद्दाम बिघडविलेल्या फाईली असतात. त्या माणसास वाचता येत नाहीत, म्हणून कोणी वाचीतही नाही. विष त्या फाईलींत दडविले. आणि त्यास जागे करणारा तुकडा, सर्वांस पाहावयास खुले असलेल्या लिखाणात नव्हताच. वापरणाऱ्यांस पाठवावयाचे जे बांधलेले गाठोडे असते, केवळ त्यातच तो होता. नमुना स्वच्छ दाखवावयाचा आणि पोत्यात दुसरेच भरावयाचे, हा प्रकार! ज्यांनी वानगी पाहिली त्यांस दोष दिसणे शक्यच नव्हते.

त्या विषाने व्हावयाचे होते काय? दूर बसून सर्व्हरमध्ये शिरण्यासाठी एसएसएच नावाचे कुलूपबंद दार असते. एक्सझेडचा त्या दाराशी वस्तुतः संबंध नाही. परंतु काही लिनक्स आवृत्त्यांत दाराचा प्रोग्राम दुसऱ्या एका प्रोग्रामावर आणि तो एक्सझेडवर विसंबून होता. त्या वाटेने विष कुलपापर्यंत पोहोचे, आणि ज्यापाशी विशिष्ट गुप्त किल्ली असेल त्यास अशा कोणत्याही सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालविता येई. धोक्याचे मोजमाप करणाऱ्यांनी यास १० पैकी १० अंक दिले.

ही गोष्ट उघडकीस आली ती कोणा सरकारी खात्यामुळे नव्हे. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड हे एका वेगळ्याच मुक्तस्रोत प्रोग्रामाची चाचणी घेत होते. त्यांना दिसले की, दारातून आत शिरण्यास पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे. दुसऱ्या कोणी हे सोडून दिले असते. त्यांनी मागोवा घेतला, आणि २९ मार्च २०२४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, सारे जगापुढे मांडले. तोवर या आवृत्त्या बहुतांशी चाचणीच्या लिनक्समध्येच गेल्या होत्या. स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. जिया टॅन त्यानंतर नाहीसा झाला. तो एक माणूस होता की एखाद्या राज्याने पोसलेली टोळी, हे अद्याप कोणास सिद्ध करता आलेले नाही. आमच्या मनास राहून राहून एकच विचार येतो. जुन्या काळी हमाल पोते पाठीवर घेताच ‘शेठ, यात ओल आहे’ असे सांगे. आता तोलकाटा विजेचा झाला, पण पाठीवर घेणारा कोणी उरला आहे काय?

यावर कोणी म्हणेल, या साऱ्या परदेशच्या गोष्टी. तर घरच्याही दोन सांगतो. मात्र दोन्ही पॅकेजातील भेसळीच्या नव्हेत हे आधीच स्पष्ट करतो, कारण भलत्यावर भलता दोष येऊ नये. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममध्ये कार्ड घातले म्हणजे विचारणा बँकेच्या खात्यापर्यंत नेऊन उत्तर आणणारा एक मध्यस्थ प्रोग्राम असतो. चोरांनी त्याच्या जागी आपला खोटा मध्यस्थ उभा केला. तो खात्यास काही न विचारता प्रत्येक मागणीस ‘होय’ म्हणत राहिला, आणि २८ देशांतून पैसे निघत राहिले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांस दोषी ठरविले. दुसरी गोष्ट ३१ जुलै २०२४ ची. देशातील अनेक सहकारी व ग्रामीण बँकांस संगणक-व्यवस्था पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिचा संबंध तात्पुरता तोडला आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे व्यवहार दुसऱ्या दिवसापर्यंत अडले. बंगळूरच्या क्लाउडसेक या संस्थेने तपास करून सांगितले की, वाट सापडली ती एका सहकारी कंपनीच्या संगणकावर नीट कुलूप न लावलेल्या ‘जेन्किन्स’ या प्रोग्रामातून. जेन्किन्स हाही मुक्तस्रोतच. तो विषारी नव्हता; दार उघडे राहिले होते. बँकेच्या खातेदाराने सी-एजचे नाव ऐकलेले नसते, मग तिच्या सहकाऱ्याचे व त्याच्या संगणकातील प्रोग्रामाचे कोठून ऐकणार? आपला पैसा मात्र या साऱ्यांच्या अंगणातून जातो.

मग मुक्तस्रोत टाकून द्यावा काय? आमचे मत तसे नाही. २०२० साली अमेरिकेतील सोलरविंड्स या कंपनीच्या बंदिस्त, विकतच्या प्रोग्रामातही अशीच भेसळ झाली, आणि सुमारे १८ हजार ग्राहकांनी कंपनीच्याच हातून ती सुधारणा म्हणून घेतली. शिवलेल्या पोत्यात परखी घालण्यास मनाई असेल तर आत काय आहे हे धन्यावाचून कोणास कळणार? फ्रॉइंड यांना मागोवा घेता आला तो पोते उघडे होते म्हणूनच. आम्हांस खरी उणीव दिसते ती अन्यत्र. आपल्या बाजारात पट्टीवर धर्मादायाची एक ओळ असे. त्या पैशातून पांजरापोळ व पाणपोई चाले, आणि ती ओळ देताना कोणी कुरकुरत नसे. कोट्यवधींचा नफा कमावणाऱ्या कंपन्या कॉलिन यांच्यासारख्यांचा रांजण वापरतात, पण त्यांच्या पट्टीत अशी ओळ अपवादानेच दिसते. थकल्या माणसास वेळीच एक खरा सोबती मिळाला असता, तर खोट्या सोबत्यास जागा उरली नसती.

आपल्याकडे अचौर्याच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे, म्हणजे खऱ्यात त्यासारखे दिसणारे खोटे मिसळणे. शास्त्रकारांसमोर तेव्हा तूप व धान्य असेल. परंतु लक्षण तंतोतंत लागू पडते.

आता व्यवहाराचे. पेढीच्या संगणकावर चोरीचा, म्हणजे कुलूप तोडून फुकट केलेला, हिशेबाचा प्रोग्राम कदापि बसवू नये. त्याचे कुलूप तोडणाऱ्याने आत काय ठेवले हे कोणी पाहिलेले नसते. काही हजार रुपये वाचविण्यासाठी साऱ्या खतावण्या परक्याच्या हाती देणे हा तोट्याचा सौदा आहे. मुले गंमत म्हणून जे खेळ वा फाईल बदलण्याची साधने उतरवून घेतात, ती बँकेचे व्यवहार होतात त्या संगणकावर नकोत. खतावणीची प्रत आठवड्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. जोडून ठेवलेल्या प्रतीस खंडणीखोर आज्ञावली संगणकाबरोबरच कुलूप लावते. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर त्याच घटकेस कळवावे. एक दिवस थांबल्यास पैसे चार खाती ओलांडून जातात.

सुधारित आवृत्ती लगेच घ्यावी की थांबावे, हा प्रश्न अवघड आहे. न घ्यावी तर जुनी भोके उघडी राहतात; तत्काळ घ्यावी तर सप्टेंबर २०२५ सारखे विष त्याच तासात आत येते. यास्तव कित्येक जाणते प्रोग्रामकार पॅकेजाची नवी आवृत्ती काही दिवस मुरू देतात आणि केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या विनाविलंब घेतात. हा विवेक आपण करू शकत नाही. आपला प्रोग्राम सांभाळणाऱ्याने करावयाचा आहे. तो करतो की नाही हे विचारणे मात्र आपल्या हाती आहे.

आणखी एक विचारावे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. औषधाच्या पुडक्यावर असते तशी ही यादी : कोणते पॅकेज, कोणती आवृत्ती, कोणाकडून आले. ती प्रामुख्याने सरकारी व अत्यावश्यक सेवांच्या संस्थांसाठी आहेत. आदिलाबादच्या धान्य-पेढीवर त्यांचे बंधन नाही. तरीही आमच्या पेढीचा बिलांचा प्रोग्राम करून देणाऱ्या तरुणास आम्ही ती यादी मागितली. प्रथम तो हसला. ‘काका, आजवर कोणी मागितली नाही,’ म्हणाला. दोन दिवसांनी कागद घेऊन आला, तेव्हा मात्र हसत नव्हता. यादी चारशे नावांच्या वर गेली होती आणि त्यांतील तीसेक नावेच काय ती त्याच्या ओळखीची होती. एका पॅकेजास तर कित्येक वर्षांत कोणी हात लावला नव्हता, आणि ते काय करते हे त्याने आमच्यासमोर बसूनच शोधले : रकमेत स्वल्पविराम घालणे! ते काढून तेवढे काम त्याने स्वतः लिहून दिले. उरलेल्यांपैकी कोणती नको आहेत हे तो महिन्याभरात पाहणार आहे, आणि त्या कामाचे पैसे आम्ही वेगळे ठरविले आहेत.